चाळीस पावलांवरची विहीर

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, मांसाहाराचं तर नावही काढलं नाही. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "रहस्यकथा वाचताना शेवटचं पान आधी बघता का?"

"नाही," मी म्हटलं.

"कधीच नाही?"

"एकदा बघितलं होतं. कॉलेजात असताना. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती."

ते विचारात पडले. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्यांना आधी पाणी तरी द्या. उन्हातून आलेत." पण घरमालकांचा निर्णय झाल्याशिवाय पाणी मिळायचं नव्हतं. "परीक्षेचं कारण चालण्यासारखं आहे," ते शेवटी म्हणाले. माझ्या आधीच्या भाडेकरूला त्यांनी महिन्याभरात खोली सोडायला लावली होती. काकू जिन्यात बसून कुठलीशी कादंबरी वाचत होत्या आणि तो पठ्ठ्या जाता जाता म्हणाला होता, "काकू, डॉक्टरच आहे हं खुनी." तेवढ्यावर त्याचं बिऱ्हाड उठलं.

मी सातपूरला कारखान्यात तपासणी विभागात आहे, तयार भागांची मापं तपासतो, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे मोजमापाचे माणूस! या उद्या सामान घेऊन." त्या दिवसापासून मी त्या घरात इन्स्पेक्टर झालो. पुढची चार वर्षं मला माझ्या नावाने कोणी हाक मारली नाही, आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणायचे. भूमिअभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. जमीन मोजायची, हद्दीच्या खुणा दाखवायच्या, नकाशा काढायचा आणि भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या, हे त्यांचं काम. कळवण, पेठ, सुरगाणा, सगळीकडे बदल्या झाल्या. चौतीस वर्षांत त्यांच्या एकाही मोजणीवर केलेलं अपील टिकलं नाही. हे वाक्य ते आठवड्यातून दोनदा म्हणायचे आणि आम्ही "हो ना" म्हणायचो.

सहा फूट उंची, अंगात मांस कमी, आणि पाऊल बरोबर अडीच फुटाचं. मोजणीची सांकळ वेळेवर आली नाही तर खात्यात म्हणे "साहेबांना चालवा" असं सांगायचे. निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नव्हती. दूध आणायला निघाले की ओठ हलत असायचे. समोरून कोणी नमस्कार केला तर हात वर करून त्याला थांबवायचे, मोजणी पुरी करायचे आणि मग म्हणायचे, "नमस्कार. चारशे अठरा." नवीन माणूस बुचकळ्यात पडायचा. जुन्यांना माहीत होतं की डेअरी चारशे अठरा पावलांवर आहे.

त्यांचं दुसरं आवडतं वाक्य होतं, "आधी जागेवर चला." भाजी महाग झाली असं काकू म्हणाल्या तरी जागेवर चला. माझ्या खोलीत पाणी गळतंय अशी मी तक्रार केली तेव्हा त्यांनी छताचा नकाशा काढला, गळतीची जागा उत्तर-पश्चिम कोपऱ्यापासून किती हे लिहिलं, माझी सही घेतली. गळती पुढे दोन महिने चालू राहिली, पण तिची नोंद मात्र पक्की होती.

आता कादंबरीकडे येतो, कारण त्याशिवाय साहेब कळायचे नाहीत.

तिचं नाव 'चौथी किल्ली'. आमच्या आजोबांच्या पिढीने वाचनालयात नंबर लावून वाचलेली. साहेबांना ती कळवणला नोकरीत असताना भेटली आणि मग ती मानगुटीवर बसली ती बसलीच. घाटमाथ्यावर एक बंगला. तिथे रावसाहेबांचा खून होतो. खोलीच्या तीन किल्ल्या घरात सापडतात, चौथी कोणाकडे आहे ते कळत नाही. साक्षीदार एकटा माळी. तो पहाटे विहिरीवर पाणी काढत असतो आणि मागच्या दारातून कोणीतरी बाहेर पडतं. चौकशीत माळी एवढंच म्हणतो, "मी बघितलं." काय बघितलं हे सांगायच्या आत तो गाव सोडून पळतो. खुनी कोण, हे मी इथे सांगणार नाही. साहेब हे वाचतील आणि मला त्यांच्याकडे अजून जेवायला जायचं असतं.

या कादंबरीवर तीन सिनेमे झाले. पहिला जुना, कृष्णधवल, मराठी. दुसरा हिंदी, रंगीत, सात गाण्यांचा. तिसरा आत्ताचा, मोबाइलवर नाहीतर टीव्हीवर घरी बसून बघायचा. कोणता सिनेमा पुस्तकाला धरून आहे हा साहेबांच्या आयुष्यातला मोठा प्रश्न होता, आणि तो त्यांनी खात्याच्या पद्धतीने सोडवायला घेतला होता. म्हणजे त्यांनी बंगला मोजला.

पुस्तकात जिथे जिथे 'डावीकडे', 'ओसरीपासून चार हात', 'गोठ्यामागे' असं आलंय ते सगळं उतरवून त्यांनी मोठ्या कागदावर नकाशा काढला होता. उत्तर दिशेचा बाण, प्रमाण, काळ्या शाईच्या रेघा, खाली सही. लोकांच्या दिवाणखान्यात असतं तसं निसर्गचित्र त्यांच्याकडे नव्हतं, तिथे हा नकाशा होता. नवीन पाहुणा कौतुकाने विचारायचा, "वा, प्लॉट घेतला वाटतं?" साहेब गंभीरपणे सांगायचे, "नाही. खून झालेला बंगला आहे." काकू लगेच चहा घेऊन यायच्या.

मुख्य मुद्दा विहिरीचा. पुस्तकात लिहिलंय, मागच्या दारापासून विहीर चाळीस पावलांवर होती. चाळीस गुणिले अडीच, शंभर फूट. मध्ये गोठ्याचा कोपरा. साहेबांच्या नकाशाप्रमाणे माळ्याला तिथून फार तर कंदिलाचा उजेड दिसला असेल, माणसाचा चेहरा शक्यच नाही. मराठी सिनेमात नुसता उजेड दाखवलाय, म्हणून तो पास. हिंदी सिनेमात विहीर थेट मागच्या दारापाशी आहे आणि माळ्याला चेहरा स्वच्छ दिसतो. शिवाय तिथे एक गाणंही होतं. गाण्याबद्दल साहेबांचा राग नव्हता. ते म्हणायचे, "नाचा बापहो, हवं तेवढं नाचा. पण विहीर कशी सरकवता? विहीर कधी सरकते का? बांध सरकतात, कुंपणं सरकतात, ते मी जन्मभर बघितलंय. विहीर सरकवणारा माणूस मला एकही भेटला नाही!"

हे सगळं गमतीचं वाटेल. मलाही वाटायचं. पण याच विहिरीपायी घरात एक दुखणं शिरलं होतं, आणि ते मला काकूंनी एकदा पापड वाळत घालताना सांगितलं.

साहेबांना एकच मुलगी. मी तिला ताई म्हणायचो. तिचं सासर सटाण्याजवळचं, कांद्याचे बागायतदार. तिच्या सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. हे आबा तरुणपणी तंबूच्या टॉकीजमध्ये मशीन चालवायचे, जत्रांमधून फिरायचे. हिंदी 'चौथी किल्ली' त्यांनी स्वतःच्या हाताने इतक्या वेळा पडद्यावर टाकली होती, की गाण्यांसकट पाठ होती. लग्नाच्या बोलणीतच दोघा व्याह्यांचं या कादंबरीवरून असं जमलं, की हुंडा-मानपान हे विषय कोणाला सुचलेच नाहीत. ताई म्हणायची, "माझं लग्न खरं तर या दोघांनीच एकमेकांशी केलं."

मग पहिली दिवाळी आली. जावयाबरोबर आबाही नाशिकला आले. फराळ झाला, दुपारी टीव्ही लावला, तर नेमका हिंदी सिनेमा. माळ्याचा प्रसंग आला. आबांनी मांडीवर थाप मारली. "ह्योच खरा सिनेमा! माळ्यानं तोंड बघितलं, म्हणून तर पळाला. नुसत्या उजेडाला भिऊन कोन गाव सोडतं?"

साहेबांनी भिंतीवरचा नकाशा दाखवला. आबांनी तो नीट बघितला आणि सहज म्हणाले, "मंग नकाशा चुकला आसंल."

चौतीस वर्षांत हे वाक्य कोणी टिकवून दाखवलं नव्हतं. साहेब उठून उभे राहिले. "तुम्ही पडद्यावरची विहीर बघितलीय आबा. विहिरीचं अंतर तुम्हाला काय कळणार?"

आबांच्या शेतात तीन विहिरी. त्यातली एक त्यांनी स्वतः उतरून खणलेली. "विहिरीचं मला शिकवू नका," एवढंच बोलून ते उठले, चपला घातल्या आणि अनारशाचं ताट तसंच ठेवून सटाण्याला निघून गेले.

सहा वर्षं. सहा वर्षं दोघं एकमेकांच्या उंबऱ्याला शिवले नाहीत. नाशिकमध्येच भाड्याने राहणाऱ्या ताईच्या मुलीचा वाढदिवस दोनदा व्हायचा, दुपारी सटाणेकरांचा, संध्याकाळी नाशिककरांचा. पोरगी बिचारी दोनदा मेणबत्त्या विझवायची आणि दोनदा केक खायची, तिला काही तक्रार नव्हती. पण ताई दर वेळी दोन्ही कार्यक्रमांच्या मधल्या तासाभरात गॅलरीत जाऊन उभी राहायची, असं काकूंनी सांगितलं. "आयुष्यभर लोकांची बांधावरची भांडणं मिटवली यांनी," काकू पापड उलटत म्हणाल्या, "आणि स्वतःचं घातलं कागदावरच्या विहिरीत."

साहेबांपाशी विषय काढला तर उत्तर ठरलेलं. "त्यांनी माझा नकाशा चूक म्हटला. चूक दाखवा म्हणावं. दाखवलीत तर मी पायी सटाण्याला येईन."

अशात ताई आणि जावई यांनी पाथर्डी फाट्याला घर बांधलं. छोटंच, पण स्वतःचं. वास्तुशांत कधी, असं सगळे विचारायला लागले. एका रविवारी ताई सकाळीच आली. काकूंच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, त्यांना बघायला म्हणून. साहेब व्हरांड्यात पेपर वाचत होते, मी समोर चहा पीत होतो. ताई बसलीच नाही.

"बाबा, एक सांगायला आलेय. वास्तुशांतीला तुम्ही आणि आबा एका पंगतीत बसणार असाल, तर मी ती करीन. दोन पंगती, दोन वेळा, सकाळी हे आणि संध्याकाळी ते, असलं काही मी त्या घरात होऊ देणार नाही. तुमचं जमत नसेल तर मी कुलूप लावते आणि भाड्याच्या घरातच राहते. हेच मी सटाण्यालाही सांगून आलेय."

"अगं, पण चूक तर—"

"चूक कोणाची ते मला नको, बाबा." ती पायरी उतरायला वळली. "मला घरात राहायला जायचंय."

ती गेली तरी साहेब पेपर धरून बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण अर्धा तास पानही उलटलं नाही. मला त्यांचा राग आला होता. म्हातारा माणूस, एवढी गोड मुलगी, आणि अडून बसलाय कशासाठी तर एका विहिरीसाठी. तोंडाने मात्र मी काही बोललो नाही, भाडेकरू होतो.

त्यानंतरच्याच रविवारी तिसरा सिनेमा आला.

नवीन सिनेमा बघायची त्यांची रीत ठरलेली होती. दुपारचं जेवण आटोपलं की दिवाणखान्यात सतरंजी. या वेळी समोरचे निवृत्त बँकवाले आणि शेजारच्या वहिनी हे दोन पंच. तिसरा मी. बघताना बोलायचं नाही. साहेबांच्या हातात रिमोट आणि फूटपट्टी. एखादी खोली दिसली की चित्र थांबवायचं, उठायचं, पडद्याला पट्टी लावायची आणि वहीत टिपायचं. दोन तासांचा सिनेमा चार तास चालायचा. शेवटी पंचनामा लिहायचा आणि त्यावर आम्ही सह्या करायच्या, की सदर सिनेमा आमच्या समक्ष पाहिला.

या तिसऱ्या सिनेमात बंगल्याचं द्राक्षमळ्यातलं रिसॉर्ट झालं होतं. चौथ्या किल्लीच्या जागी दाराच्या कुलपाचा आकडा. डिटेक्टिव्ह बाई. आणि विहिरीच्या जागी पोहण्याचा तलाव, मागच्या दाराला अगदी लागून. माळ्याने खुनी बघितला तोही मोबाइलच्या कॅमेऱ्यातून. मला वाटलं, आता साहेब टीव्ही फोडतात. पण ते कौतुकाने बघत होते. "बाई हुशार आहे," ते दोनदा म्हणाले. "आधी जागेवर जाते." तलाव आला तेव्हा मात्र त्यांनी रिमोट खाली ठेवला.

"परत सरकवली!"

शेजारच्या वहिनी नवीनच राहायला आलेल्या. त्यांनी भाबडेपणाने विचारलं, "पण काका, चाळीस पावलं म्हणजे किती लांब हो?"

एवढं पुरे होतं. सगळी वरात अंगणात. साहेबांनी पुढचं दार हेच बंगल्याचं मागचं दार धरलं, त्याला पाठ लावली आणि ढांगा टाकत निघाले. एक, दोन, तीन. वीसला फाटक आलं, ते मी उघडलं. चाळीसला ते गल्लीच्या पलीकडे, बँकवाल्यांच्या पेरूखाली पोचले आणि तिथून ओरडले, "दिसतो का माझा चेहरा? सांगा!"

"नाही!" आम्ही पंच ओरडलो.

काकू काठी टेकत दारात येऊन उभ्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना रोज अंगणात चाळीस पावलं चालायला सांगितलं होतं, आणि हीच त्यांच्या चालण्याची वेळ होती. त्यांनी पेरूखालच्या नवऱ्याकडे बघितलं, मग अंगणाकडे.

"अहो, इकडे या," त्या म्हणाल्या.

साहेब आले.

"त्या पुस्तकात पावलं मोजतं कोण?"

"कोण म्हणजे? रावसाहेबांची आई. रोज पहाटे विहिरीवर जायची, चाळीस पावलं मोजत. पहिल्याच प्रकरणात आहे."

"वय काय तिचं?"

"ऐंशी."

"ताठ चालते?"

"छे. वाकलेली. काठी टेकत..." साहेबांचा आवाज तिथेच थांबला.

"मग तुम्ही कशाला ढांगा टाकताय?" काकू म्हणाल्या. "माझी चाळीस पावलं फाटकाच्या अलीकडच्या त्या स्कूटरपाशी संपतात. गेले तीन आठवडे रोज तिथेच संपतायत."

काकूंनी दाराला पाठ लावली आणि काठी टेकत, हळूहळू, तोंडाने मोजत चालायला लागल्या. आम्ही सगळे बाजूने. साहेब त्यांच्या पावलांकडे डोळे लावून मागून चालत होते. चाळीसला काकूंचा हात स्कूटरच्या सीटवर टेकला. साहेबांनी आतून टेप आणली. तिचं एक टोक मी दाराशी धरलं. एक्केचाळीस फूट.

साहेब पायरीवर बसले. मला पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले आणि मनातल्या मनात त्यांच्यावर रागावल्याचं वाईट वाटलं.

"चेहरा दिसेल," ते म्हणाले. "इथून चेहरा दिसेल. गोठाही मग मध्ये येत नाही. आबा बरोबर होते. मी माझ्या पावलाने मोजलं. पहिल्या दिवशी शिकवतात आम्हाला, कोणी मोजलं ते विचारा. शेतकरी पावलं सांगतो तेव्हा त्याला चालवून बघा." मग ते काकूंना म्हणाले, "अगं, मी पोरीची सहा वर्षं खाल्ली."

"खाल्लीत," काकू म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता उठा. पायी जायचंय ना?"

दुसरा कोणी असता तर त्याने फोन उचलला असता. साहेबांनी नोटीस काढली. जमिनीची मोजणी असली की शेजारच्या जमीनवाल्यांना आधी नोटीस द्यावी लागते, त्यांना लगतधारक म्हणतात. पोस्टात टाकायच्या आधी त्यांनी ती मला वाचून दाखवली. 'विषय: चौथी किल्ली या कादंबरीतील विहिरीची फेरमोजणी. लगतधारक या नात्याने आपण येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आपल्या खळ्यात समक्ष हजर राहावे. मूळ मोजणीत निम्नस्वाक्षरीकाराकडून चूक झाल्याचे आढळून आले आहे. आपण हजर न राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.' खाली सही. 'चूक' हा शब्द त्यांनी दोनदा गिरवलेला होता.

रविवारी ताईने गाडी काढली. काकू पुढे, साहेब आणि मी मागे, मी पंच म्हणून. ताई वाटभर स्टिअरिंग घट्ट धरून होती. सटाण्याच्या पुढे आबांच्या गावाचा फाटा आला तसं साहेबांनी गाडी थांबवायला सांगितली.

"मी पायी येतो म्हणालो होतो. इथून चालतो."

"नाशिकहून म्हणाला होतात तुम्ही!" काकू म्हणाल्या.

"कुठून ते म्हणालो नव्हतो. सगळ्यांना विचारा."

मलाही उतरावं लागलं. ते मोजत चालले, मी मागोमाग. खळ्याच्या तोंडाशी पोचलो तेव्हा आबा उभेच होते. धोतर, पांढरी टोपी, खिशात घडी केलेली नोटीस. बाजूला विहीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन.

"या साहेब," आबा म्हणाले.

"आधी मोजणी," साहेब म्हणाले. "पाणी नंतर."

त्यांनी खळ्यात काकूंना चालवलं. मग विहीणबाईंनाही चालवलं, कारण एका मापावर विसंबू नये. टेप लावली, जबाब लिहिला आणि आबांसमोर धरला. मग साहेबांनी तो स्वतःच मोठ्याने वाचला. "विहीर जवळ होती. माळ्याला चेहरा दिसला असणार. सटाणेकरांचं म्हणणं बरोबर, माझा नकाशा चुकला. सहा वर्षांपूर्वी मी त्यांना घालूनपाडून बोललो, त्याबद्दल माफी मागतो." ताईने पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

आबा वळून घरात गेले. मिनिटभराने ते बाहेर आले तर हातात 'चौथी किल्ली'. पानं फुगलेली, जागोजागी पेन्सिलच्या खुणा, सगळ्या पुस्तकाला कांद्याचा वास.

"सही नाय करायचो मी," आबा म्हणाले.

"का?"

"चूक लिवलंय तुमी. आवो, त्या दिवाळीनंतर मी हे पुस्तक विकत आनलं. तवर वाचलंच नव्हतं, सिनेमाच बघितला व्हता. तुमाला खोटं पाडायचं म्हनून वाचाय बसलो. धा वेळा वाचलं. आन तुमीच खरे निघाले." त्यांनी पान उघडलं. "हे बघा, दुसरं परकरन. त्याच दिशी पहाटं टांगेवाल्याला पूल दिसंना, घोडं आडून ऱ्हायलं. म्हंजे काय? धुकं! पौषातलं धुकं! धुक्यात मला हातातला कांदा दिसत नाय. माळ्याला तोंड कुठनं दिसनार? उजेडच दिसला त्याला. तुमी म्हनले तसाच."

साहेबांनी चष्मा खाली ओढून ती ओळ वाचली. परत वाचली.

"टांगेवाला नदीकाठी आहे," ते म्हणाले. "नदीवर धुकं असतंच. बंगला वर आहे."

"वर आसला म्हनून काय झालं? धुकं चढत नाय का?"

"एक्केचाळीस फूट, आबा! एक्केचाळीस फुटांवरून चेहरा दिसणारच! मी मोजलंय!"

"मोजलं आसंल! मी कांदा पिकिवतो! धुकं मला सांगता?"

"मग सही करा ना! तुमचंच म्हणणं लिहिलंय!"

"माझं म्हननं चूक व्हतं, ते कशाला मांडता तुमी?"

दोघं बोलत बोलत खाटेवर बसले होते. एकाच खाटेवर, पुस्तक दोघांच्या मांड्यांवर अर्धं अर्धं. आवाज चढत चालले होते. सहा वर्षांपूर्वी आबांची होती ती बाजू साहेब जीव तोडून लढवत होते आणि साहेबांची आबा. ताई घाबरून पुढे झाली तशी विहीणबाईंनी तिचा हात धरला. "भांडू दे वं माय. कितला दिन व्हई ग्यात, घर कसं गपगार शे," त्या अहिराणीत म्हणाल्या आणि तिचे डोळे आपल्या पदराने पुसले. मग त्यांनी तांब्या थेट त्या दोघांच्या मध्ये नेऊन ठेवला. साहेबांनी न बघताच तो उचलला, घटाघटा पाणी प्यायले आणि उरलेलं आबांपुढे केलं.

ताई खळ्याच्या कडेला गेली आणि तिने फोन लावला. मी जवळच होतो.

"गुरुजी, नमस्कार. शुक्रवारचा मुहूर्त धरा. हो, पाथर्डी फाट्याचं घर. हो, सगळे येणार आहेत, एकच पंगत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. खाटेपाशी तेव्हा साहेब उभे राहून हातवारे करत होते आणि आबा पुस्तकावर बोट आपटून ओरडत होते. ताईने त्यांच्याकडे बघितलं. ती हसत होती आणि गाल ओले होते.

"नाही हो गुरुजी, काही झालं नाही," ती म्हणाली. "आमच्या घरचीच माणसं आहेत."